हिरड्यांतून येणारे रक्त : दुर्लक्ष आणि प्रतिबंध

(जबलपूर छावणीतील सदर भागात मराठी रहिवाशांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूरचा सदर बाजार हा छावणीच्या आधाराने वाढलेला बाजार आहे. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रे या शहरात आहेत. १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी आणि खमरिया येथील दारूगोळ्याचा कारखाना यांच्याशी येथील कित्येक मराठी कुटुंबांचा दोन-तीन पिढ्यांचा संबंध आहे. सैन्यात जाण्याची आस बाळगणाऱ्या तरुणांची येथे कधीच वाण नसते. भल्या पहाटे धावणारी, छाती आणि उंची मोजून घेणारी ही मुले एका गोष्टीचा विचार सहसा करीत नाहीत. ती म्हणजे सैन्य दातही मोजते.

संघ लोकसेवा आयोगाच्या संरक्षण सेवांसाठीच्या परीक्षांच्या अधिसूचनांत हा निकष वर्षानुवर्षे छापला गेला आहे. पुढच्या दातांना आणि उपदाढांना प्रत्येकी १ गुण, पूर्ण वाढलेल्या दाढांना प्रत्येकी २ गुण, आणि उमेदवाराला किमान १४ गुण आवश्यक. बत्तीसही दात असल्यास ही बेरीज अक्कलदाढांच्या वाढीनुसार २२ किंवा २० होते. दात नुसता तोंडात असून भागत नाही; समोरच्या जबड्यातील दाताशी भिडून तो काम करण्याजोगा असावा लागतो. याच निकषांत आणखी एक वाक्य असते व ते फारसे कोणी वाचत नाही : तीव्र पायोरिया असलेला उमेदवार अपात्र ठरतो. दात न काढता बरा होण्यासारखा पायोरिया असेल, तर मात्र दंत-अधिकाऱ्याच्या मतानुसार त्याला घेता येते.

पायोरिया म्हणजे हिरड्यांचा आणि दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाचा विकार. सैन्याने त्याची दखल इतक्या काटेकोरपणे घेतली, आपल्या जवानांच्या दातांसाठी १ फेब्रुवारी १९४१ रोजी स्वतंत्र आर्मी डेंटल कोअर उभारली. आणि त्याच छावणीच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या नागरिकाच्या दातांची आयुष्यभरात एकदाही पद्धतशीर तपासणी होत नाही. हा विरोधाभास सदरपुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुखआरोग्यविषयक अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे आणि १०० कोटींहून अधिक लोकांचा हिरड्यांचा विकार तीव्र अवस्थेला पोहोचलेला आहे.

न दुखणारा विकार

हिरड्यांचा विकार बहुधा दुखत नाही, आणि त्यातच त्याचे सारे बळ आहे. किडलेली दाढ रात्री ठणकू लागली की माणूस सकाळी दंतवैद्याचे दार ठोठावतो. हिरडी मात्र मुकाट्याने सुजते, घासताना थोडे रक्त येते, तोंडाला वास येऊ लागतो, दात लांब झाल्यासारखे दिसू लागतात, मध्ये फटी पडतात, आणि एके दिवशी भाकरीचा तुकडा तोडताना दात हलतो. या सगळ्याला दहा-पंधरा वर्षे लागलेली असतात. दात हलल्यावर आलेल्या रुग्णाला दंतवैद्याने जे सांगायचे असते, ते दहा वर्षांपूर्वी सांगितले असते तर उपयोग झाला असता.

प्रक्रिया समजून घेण्यास कठीण नाही. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. सूक्ष्म तंतूंच्या एका पातळ स्तराने तो हाडाला बांधलेला असतो. दात आणि हिरडी यांच्यामध्ये १ ते ३ मिलिमीटर खोलीची एक नैसर्गिक खाच असते. स्वच्छ घासलेल्या दातावर काही तासांतच जिवाणूंचा चिकट, जवळजवळ अदृश्य थर पुन्हा बसू लागतो. हा थर नुसती चूळ भरून निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो. तो तसाच राहिला की लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात साठून काही दिवसांत त्याचे कीटण होऊ लागते. दंतवैद्य ज्याला टार्टर म्हणतात ते हेच. कीटणाचा खरबरीत पृष्ठभाग नव्या थराला आयती जागा देतो. हिरडीच्या कडेला साचलेल्या जिवाणूंशी शरीर झुंजू लागते, हिरडीत रक्तपुरवठा वाढतो, ती लाल, मऊ आणि फुगीर होते. ही पहिली अवस्था. या अवस्थेत हाडाला धक्का लागलेला नसतो आणि ती पूर्णपणे बरी होऊ शकते.

हे अनुमान नव्हे. १९६५ मध्ये डेन्मार्कमधील आर्हुस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांना दात घासणे पूर्णपणे बंद करावयास सांगितले. त्यांपैकी बहुतेक दंतशाखेचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. दात घासणे पुन्हा सुरू करताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. कोणतेही औषध नाही, कोणतीही गोळी नाही. दातांच्या स्वच्छतेखेरीज दुसरा काहीही बदल त्यात केलेला नव्हता.

या प्रयोगाचा अर्थ घरोघरी पोहोचलेला नाही. घासताना रक्त दिसले की सर्वसामान्य माणूस घाबरून त्या जागी ब्रश लावणे सोडतो, किंवा बोटाने हलकेसे मंजन फिरवून थांबतो. ‘हिरड्या नाजूक झाल्या आहेत, त्यांना विश्रांती द्यावी,’ असा घरचा सल्लाही मिळतो. वस्तुतः रक्त ही बहुतेक वेळा ब्रशाने केलेली जखम नसते; ती तेथे साचलेल्या थरामुळे आलेल्या सुजेची खूण असते. ज्या जागी रक्त येते, नेमक्या त्याच जागी मऊ ब्रशाने अधिक निगुतीने घासण्याची गरज असते. घासणे थांबले की थर वाढतो, थर वाढला की सूज वाढते, सूज वाढली की रक्त वाढते, आणि माणसाला आपला निर्णय योग्यच होता असे वाटू लागते. हिरड्यांच्या विकाराइतका गैरसमजावर पोसलेला रोग विरळाच. आठवडा-दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबत नसेल, तर मात्र दंतवैद्याकडे गेलेच पाहिजे. हिरडीखाली कीटण साचलेले असू शकते, आणि क्वचित एखाद्या रक्तविकाराची पहिली खूणही हिरडीतच उमटते.

दुसऱ्या अवस्थेत ही सूज हिरडीपुरती राहत नाही. खाच खोल होते, तिचे कप्पे बनतात, जिवाणू मुळाच्या दिशेने उतरतात आणि दात धरून ठेवणारे तंतू व हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. उपचारांनी झीज थांबवता येते, काही ठिकाणी शस्त्रक्रियेने थोडे परत मिळवता येते. परंतु गेले ते बव्हंशी गेलेच. पहिल्या अवस्थेतून दुसरीत कोण जाणार, हे आधी सांगता येत नाही. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील ४८० मजुरांची १९७० पासून पंधरा वर्षे पाहणी करण्यात आली. त्यांच्यात दात घासण्याची रीतच नव्हती आणि दंतोपचार त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नव्हते. सर्वांच्या दातांवर थर होता, कीटण होते, हिरड्या सुजलेल्या होत्या. तरीही ११ टक्के लोकांत विकार सुजेच्या पुढे गेला नाही, ८१ टक्के लोकांत तो मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्के लोकांत झपाट्याने. या शेवटच्या गटात पस्तिशीपर्यंतच दातांच्या मुळांचा आधार सरासरी ९ मिलिमीटर इतका सुटला होता. मध्यम गटात तो ४ मिलिमीटर होता. ‘आमच्या आजोबांनी कधी ब्रश धरला नाही, तरी शेवटपर्यंत ऊस सोलून खाल्ला,’ असे सांगणारे लोक असतात, आणि ते खोटे बोलत नसतात. आजोबा त्या ११ टक्क्यांतले होते. नातू कोणत्या गटात आहे, हे मात्र त्याच्या कपाळावर लिहिलेले नसते.

राखुंडी, दातवण आणि तंबाखू

दात घासण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. चरकसंहितेत दिवसातून दोनदा दंतधावन करण्यास सांगितले आहे. त्यासाठी तुरट, तिखट किंवा कडू रसाची काडी वापरावी आणि ती हिरड्यांना इजा न करता फिरवावी, असेही सांगितले आहे. सुश्रुताने मुखरोगांची संख्या ६५ दिली असून त्यांपैकी १५ रोग दंतमुळांचे, म्हणजे हिरड्यांचे सांगितले आहेत. दोनदा घासणे आणि हिरडीला न दुखवणे, या दोन गोष्टींत आधुनिक दंतशास्त्राने काही बदल सुचवलेला नाही. काळाच्या ओघात परंपरेतली काडी राहिली, ‘दोनदा’ मात्र गळाले, आणि ‘हिरडीला न दुखवता’ हेही गळाले.

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी टोकाशी चांगली चावून, कुंचल्यासारखी मऊ करून वापरली तर ती दाताचा दर्शनी भाग स्वच्छ करू शकते. मागच्या दाढांच्या आतल्या बाजूस आणि दोन दातांच्या मधल्या जागेत ती पोहोचत नाही; आणि हिरड्यांचा विकार बहुधा त्याच जागी सुरू होतो. राखुंडी, कोळसा, विटेची पूड, जाडे मीठ यांची गोष्ट निराळी आहे. ती दात पांढरे करतात असे वाटते, कारण ती दात खरवडतात. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने हिरडीलगत दाताला खाच पडते, हिरडी मागे सरकते आणि थंड पाणीही सोसवेनासे होते. जबलपूरच्या शेजारच्या मंडला जिल्ह्यातील काही गावांत पाण्यातील अधिक फ्लोराइडमुळे लहानपणापासूनच दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात. हे डाग म्हणजे मळ नव्हे, ते दाताच्या कवचातच उमटलेले असतात. ते जावेत म्हणून राखेने किंवा विटेच्या पुडीने दात घासणाऱ्या मुलाच्या हिरड्यांचे तेवढे नुकसान होते, डाग जागच्या जागी राहतात.

सर्वांत मोठा शत्रू तंबाखू आहे. महाराष्ट्राच्या खेड्यांत भाजलेल्या तंबाखूची मशेरी, महाकोशल आणि छत्तीसगडच्या पट्ट्यात गुळात कालवलेल्या तंबाखूचा गुडाखू. दोन्ही दात घासण्याच्या निमित्ताने तोंडात जातात आणि दोन्ही प्रामुख्याने स्त्रियांमध्ये रुजलेल्या सवयी आहेत. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, असे सांगणाऱ्या बाईला व्यसनी म्हटलेले आवडत नाही; ती दातच घासत असते. केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती योग्य ठरवली. गुटख्यावर बंदी घालणारे पहिले राज्य मध्य प्रदेश होते; ती १ एप्रिल २०१२ पासून अमलात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रानेही तशी बंदी घातली. तथापि २०१६-१७ च्या प्रौढांमधील तंबाखू सेवनाच्या राष्ट्रीय पाहणीत देशातील २१.४ टक्के प्रौढ, आणि मध्य प्रदेशातील २८.१ टक्के प्रौढ, धूरविरहित तंबाखूचे सेवन करताना आढळले. सुपारीची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकून ग्राहकाच्या तळहातावर गुटखा तयार होऊ लागला, तेव्हा कायद्याची धार बोथट झाली.

तंबाखूची चिमूट जेथे ठेवली जाते तेथे हिरडी मागे सरकते आणि मूळ उघडे पडते. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. मग तेथे ब्रशही जात नाही. विडी-सिगारेटचा परिणाम अधिक फसवा आहे. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, कारण धूम्रपानामुळे हिरडीची सुजेला प्रतिसाद देण्याची ताकदच मंदावते. वरवर हिरडी फिकट, घट्ट, ठीकठाक दिसते. आत हाडाची झीज मात्र इतरांपेक्षा वेगाने चालू असते. ज्या पट्ट्यात विडी वळणे हा हजारो घरांचा आधार आहे, तेथे ही गोष्ट सांगताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. पण विडी ओढणाऱ्याने ‘मला कधी रक्त येत नाही’ यावर विसंबू नये, हे सांगितलेच पाहिजे.

मधुमेहाशी असलेले नाते

हिरड्यांचा विषय केवळ दातांपुरता ठेवण्याचे दिवस गेले आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. रक्तातील साखर अनियंत्रित असेल तर हिरड्यांचा तीव्र विकार होण्याची शक्यता दोन-तीन पटींनी वाढते. उलट बाजूनेही संबंध आहे. हिरड्यांमधील दीर्घकालीन सूज शरीराची इन्सुलिनला साथ देण्याची क्षमता कमी करते. हिरड्यांवर नीट उपचार केल्यास तीन-चार महिन्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण, म्हणजे एचबीएवनसी, सरासरीने ०.४ टक्क्याच्या आसपास उतरते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. आकडा लहान वाटतो, पण साखरेच्या गोळीत आणखी एक गोळी मिळवून जे साधायचे त्याच्या जवळपास जाणारा हा लाभ आहे. असे असूनही मधुमेही रुग्णाचे पाय आणि डोळे तपासले जातात, तोंड उघडून पाहिले जात नाही.

गरोदरपणात संप्रेरकांच्या बदलामुळे त्याच थराला हिरड्या अधिक तीव्र प्रतिसाद देतात. त्या सुजतात, सहज रक्त येते. ‘प्रत्येक मुलामागे एक दात जातो’ ही समजूत येथूनच आली असावी. दात मुलामुळे जात नाही, त्या नऊ महिन्यांत भीतीपोटी टाळलेल्या स्वच्छतेमुळे जातो. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत कीटण काढून घेणे सुरक्षित असते. रक्तदाबावरील अम्लोडिपिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन यांसारख्या औषधांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना हिरड्या दाखवाव्यात. जीवनसत्त्व ‘क’च्या गोळ्यांबद्दल मात्र एक शब्द : आवळा आणि पेरू ज्याच्या जेवणात आहेत, त्याच्या हिरड्यांतील रक्त बहुधा त्या गोळ्यांनी थांबणार नाही. ते ब्रशाने थांबेल.

काय करावे

ब्रश मऊ तंतूंचा असावा. कडक ब्रशाने जोराने घासण्याचे समाधान मोठे असते आणि फायदा उणे असतो. अमेरिकेतील चार्ल्स बास या वैद्याने सुचवलेली पद्धत आजही शिकवली जाते : तंतूंची टोके दात आणि हिरडी जेथे मिळतात तेथे ४५ अंशांच्या कोनात टेकवावीत, जागच्या जागी बारीक कंप दिल्यासारखा ब्रश हलवावा, आणि दोन-तीन दात झाले की पुढे सरकावे. आडव्या करवतीसारखे घासू नये. बाहेरची बाजू, आतली बाजू, चावण्याचा पृष्ठभाग, शेवटची दाढ आणि जीभ मिळून किमान दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहिल्यास बहुतेकांचे घासणे त्याआधीच आटोपलेले असते. फ्लोराइड असलेली पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीतली लांबलचक पेस्टची लड कंपनीच्या सोयीची असते. तंतू वाकले की, आणि नाही वाकले तरी तीन महिन्यांनी, ब्रश बदलावा.

दोन वेळांपैकी एकच जमत असेल तर ती रात्रीची असावी. झोपेत लाळ कमी होते आणि जिवाणूंना मोकळे रान मिळते. घरोघरी नेमके उलटे चालते. सकाळचे घासणे हे शुचितेचे लक्षण मानले जाते आणि रात्री दूध पिऊन किंवा पान खाऊन माणूस तसाच झोपतो.

दोन दातांच्या मधल्या जागेसाठी धागा, म्हणजे फ्लॉस, किंवा फटी रुंद असल्यास बारीक कुंचल्यासारखा इंटरडेंटल ब्रश वापरावा. टाचणी, आगकाडी किंवा सुई यांनी दात कोरण्याची सवय हिरडीला भोके पाडते. क्लोरहेक्सिडीनच्या गुळण्या परिणामकारक असल्या तरी त्या दंतवैद्याच्या सल्ल्याने, थोड्या दिवसांसाठीच कराव्यात. दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते. कोणतीही गुळणी ब्रशाची जागा घेत नाही.

एकदा जमलेले कीटण मात्र घरी निघत नाही. ते दंतवैद्याकडेच काढून घ्यावे लागते, आणि येथे दुसरा मोठा गैरसमज आडवा येतो : दात साफ करून घेतले की ते हलू लागतात. या अनुभवामागे काहीच नाही असे म्हणता येणार नाही. हाड झिजलेल्या दातांभोवती कीटणाचा जाड थर भिंतीसारखा उभा असतो आणि सैल दातांना तात्पुरता टेकू देतो. तो काढला की खरी स्थिती उघडी होते. सुजलेली हिरडी बसते, फटी दिसतात, काही दिवस थंड पाणी झोंबते. रुग्णाला वाटते, कालपर्यंत ठीक होते, आज बिघडले. बिघाड आधीचाच असतो, कीटणाने तो झाकलेला असतो. हे उपचारापूर्वी समजावून सांगितले नाही तर एक नाराज रुग्ण गल्लीतल्या दहा जणांना दंतवैद्यापासून परावृत्त करतो. साधारणपणे सहा महिन्यांनी, मधुमेही आणि तंबाखू खाणाऱ्यांनी त्याहूनही लवकर, हिरड्या तपासून घ्याव्यात. जबलपूरमध्ये हितकारिणी दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. वेळ जास्त लागतो, खर्च खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी येतो.

नियोजनाची बाजू

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही असे नाही. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात, २०१४-१५ मध्ये, राष्ट्रीय मुखआरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयापासून खाली दंतचिकित्सेची साधने व मनुष्यबळ देण्याची तरतूद झाली. २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या दंतविकारांचा समावेश आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांत द्यावयाच्या बारा प्रकारच्या सेवांमध्ये प्राथमिक मुखआरोग्य आहे. परंतु आयुष्मान भारतची विमा योजना रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती आखलेली आहे. कीटण काढण्यासाठी कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. त्यामुळे जो उपचार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधीचा, तो माणसाच्या स्वतःच्या खिशावर पडतो, आणि खिसा प्रथम दुखणाऱ्या दाढेसाठी उघडतो.

दंततपासणी शिबिरांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. मांडव घालून, पाचशे तोंडे पाहून, पाचशे टूथपेस्टच्या ट्यूब वाटून पार पडणारे शिबिर वृत्तपत्रात छान दिसते. सहा महिन्यांनी त्या पाचशे जणांच्या हिरड्यांत काय फरक पडला, हे कोणी पाहत नाही. स्वीडनमधील कार्लस्टाड येथे १९७२ च्या सुमारास ३७५ प्रौढांना पहिली दोन वर्षे दर दोन महिन्यांनी आणि पुढची चार वर्षे दर तीन महिन्यांनी बोलावून दात स्वच्छ करून दिले गेले, आणि घरी कसे घासावे हे पुनःपुन्हा दाखवले गेले. पुढेही प्रत्येकाच्या गरजेनुसार हा क्रम चालू राहिला. तीस वर्षांनी, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांनी वयोगटानुसार सरासरी ०.४ ते १.८ इतकेच दात गमावले होते, आणि तेही बहुतांशी हिरड्यांच्या विकाराने नव्हेत. स्वीडनइतका पैसा आपल्याकडे नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या प्रयोगातला महाग भाग यंत्रे नव्हती. पुन्हा बोलावणे आणि पुन्हा दाखवणे हा होता. ते काम आशा कार्यकर्ती, शाळेचे शिक्षक आणि मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागातील परिचारिका थोड्या प्रशिक्षणाने करू शकतात. रक्तातील साखर मोजायला आलेल्या माणसाला ‘घासताना रक्त येते का? दात हलतो का? तंबाखू खाता का?’ असे तीन प्रश्न विचारायला वेगळा निधी लागत नाही.

घरातील वृद्धांचा विचार शेवटी होतो, येथेही तो शेवटीच येत आहे. हात थरथरणाऱ्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे दात दुसऱ्या कोणीतरी घासून द्यावे लागतात. पाठ थोडी उंच करून, मान एका बाजूला वळवून, मऊ ब्रश आणि अगदी थोडी पेस्ट वापरून हे करता येते. न केल्यास तोंडातील जिवाणू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन न्यूमोनियाची शक्यता वाढते. ज्यांना कवळी आहे त्यांनी ती प्रत्येक जेवणानंतर धुवावी, रात्री काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात ठेवू नये कारण तिचा आकार बिघडतो. आणि कवळीखालच्या हिरड्या व जीभ मऊ ब्रशाने किंवा ओल्या स्वच्छ फडक्याने दररोज पुसून घ्याव्यात. थोडे दात शिल्लक असून मधल्या जागी कवळी बसवली असेल, तर कवळीचा आकडा ज्या दातांना धरतो त्या दातांभोवतीच थर सर्वाधिक साचतो. ते दात गेले की कवळीलाही धरायला काही उरत नाही.